थांबण्याची ताकद कुणाकडे? अल्प वेतनाची कामं आणि शोषणाचा प्रश्न



आजचा विषय घराघरातला आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाई, सोसायटीचा रखवालदार, बाजारातला हमाल, दुचाकीवरून जेवण आणून देणारा मुलगा. ही सगळी माणसं आपल्याला सेवा देतात आणि त्यांना मिळणारा मोबदला कमी असतो, एवढं कुणीही मान्य करील. वाद सुरू होतो तो पुढच्या वाक्यावर. कमी मोबदला मिळतो म्हणजे शोषण होतं का? आणि होत असेल तर ते नेमकं करतं कोण?

या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक म्हणजे, ‘मालक म्हटला की तो पिळणारच.’ दुसरं म्हणजे, ‘तिनं स्वखुशीनं काम धरलं आहे, परवडत नसेल तर सोडावं, आम्ही कुठे बळजबरी केली?’ दोन्ही उत्तरं घाईची आहेत. दोन्हींमध्ये आपण मालकाच्या मनाकडे तरी बघतो, नाहीतर कामगाराच्या होकाराकडे. आमचं आजचं म्हणणं असं, की शोषण या दोन्ही ठिकाणी सापडत नाही. ते व्यवहाराच्या रचनेत असतं. दोघांपैकी कोण थांबू शकतो आणि कोण थांबू शकत नाही, हे पाहिलं की ते दिसायला लागतं.

ही कल्पना आमची नाही, आणि डाव्यांचीही नाही. ती अ‍ॅडम स्मिथची आहे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये मजुरीवरच्या प्रकरणात स्मिथ सांगतो, की मालक आणि मजूर यांचं जमलं नाही तर मालक साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो. पुष्कळ मजूर मात्र कामावाचून आठवडाभरसुद्धा तग धरू शकत नाहीत. दूरचा विचार केला तर दोघांनाही एकमेकांची गरज आहे, पण मजुराची गरज आजची असते. आपल्याकडे हीच गोष्ट पाच शब्दांत सांगितली जाते: अडला हरी गाढवाचे पाय धरी. या म्हणीत गाढव दुष्ट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. हरी अडलेला आहे, एवढंच म्हटलं आहे.

आता ‘स्वखुशी’चा मुद्दा घेऊ. तत्त्वज्ञानात या प्रश्नावर भरपूर लिहिलं गेलं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ अ‍ॅलन वर्थायमर यांनी १९९६ साली ‘एक्स्प्लॉयटेशन’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. दोघांचाही फायदा होतो आणि दोघांचीही संमती आहे, अशा व्यवहारातही शोषण असू शकतं, ही शक्यता त्यांनी नीट मांडली. उदाहरण आम्ही आपल्याकडचं देतो. पावसाळ्यात रात्री घाटात तुमची गाडी बंद पडली आहे, सोबत आजारी माणूस आहे. एक टेम्पोवाला येतो आणि नेहमीच्या भाड्याच्या वीसपट पैसे मागतो. तुम्ही देता. तुमचा फायदा झाला का? झाला. संमती होती का? होती. तरीही त्यानं अडवून घेतलं, असंच आपण म्हणतो. म्हणजे ‘काम नसण्यापेक्षा हे काम बरं’ हे वाक्य खरं असूनही त्यानं शोषणाचा आरोप पुसला जात नाही.

दुसरा मुद्दा आपल्यासारख्यांचा आवडता आहे. ‘कारखानदार नफा कमावतो, आम्ही कुठे कमावतो? घरकाम करणाऱ्या बाईच्या कामावर आम्हाला काही मिळत नाही, उलट पगारातून खर्चच होतो.’ यात तथ्य आहे. भांडवलातून विकत घेतलेलं श्रम आणि मिळकतीतून विकत घेतलेलं श्रम यांत मार्क्सनेही फरक केला आहे. घरातला नोकर मालकासाठी वरकड मूल्य निर्माण करत नाही. पण १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये त्याच मार्क्सने १८६१ च्या जनगणनेतला एक आकडा पुढे ठेवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती नोकर होते १२,०८,६४८. कापडगिरण्या आणि खाणी यांतले सगळे कामगार एकत्र धरले तर भरत होते १२,०८,४४२. म्हणजे जगातल्या पहिल्या औद्योगिक देशात गिरण्या आणि खाणी मिळून जेवढी माणसं होती, त्याहून २०६ अधिक माणसं इतरांच्या घरात राबत होती. कामगारांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भोंगा आणि धुराडं येतं. भांडी घासणारी मुलगी येत नाही.

आणि ‘आम्हाला काही मिळत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. आपल्याला वेळ मिळतो. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, दोन पगार येतात, ते एका तिसऱ्या बाईनं सकाळची केरफरशी, भांडी, पोळ्या उरकल्यामुळे. आपल्या एका तासाची किंमत आणि तिच्या एका तासाची किंमत यांतला फरक आपल्या पदरात पडतो. वहीत तो नफा म्हणून लिहिला जात नाही, एवढंच.

तिसरा मुद्दा बाजाराचा. ‘बाजारभाव आहे तोच देतो. जास्त द्यायला लावलं तर कामंच कमी होतील.’ या भीतीची तपासणी झाली आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूडच्या दुकानांची तुलना केली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. त्यांच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, आजही आहे. वेतन कितीही वाढवलं तरी चालेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ‘बाजारभाव’ हा निसर्गनियम आहे, ही समजूत मात्र टिकत नाही. भाव ठरतो तो दोघांच्या ताकदीवर.

मग ही ताकद बदलते कशी? यासाठी इतिहासाकडे वळू. सुरुवात लंडनच्या गोदीपासून करावी लागेल, कारण मुंबईच्या हमालांच्या कायद्याची मुळं तिथपर्यंत जातात.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदीतला हमाल सकाळी फाटकाशी उभा राहायचा. मुकादम बाहेर येऊन हवी तेवढी माणसं निवडायचा. उरलेल्यांनी घरी जायचं. निवडलेल्यालाही कधी दोन-तीन तासांतच ‘संपलं, जा’ म्हणायचे. १४ ऑगस्ट १८८९ ला संप सुरू झाला. मागणी ताशी पाच पेन्सऐवजी सहा पेन्सची होती, आणि एकदा बोलावलं की निदान चार तासांचं काम द्या, अशीही होती. बेन टिलेट, जॉन बर्न्स, टॉम मान ही मंडळी पुढारी होती. महिनाभर संप टिकला आणि जिंकला. टिकला कसा? इतर मदतीबरोबरच ऑस्ट्रेलियातून तीस हजार पौंडांवर मदत आली. स्मिथनं म्हटलं होतं, मजूर आठवडाभर थांबू शकत नाही. इथे समुद्रापलीकडच्या लोकांनी त्याला महिनाभर थांबवून दाखवलं.

पण दर वेळी ऑस्ट्रेलिया मदतीला येणार नाही. म्हणून थांबण्याची ताकद कायद्यातच बांधावी लागते. ब्रिटनमध्ये १९४७ साली गोदी कामगारांची योजना आली. हमालांची नोंदणी, मालकांची नोंदणी, मध्ये एक मंडळ. हमाल हजर राहिला आणि काम नसलं तरी त्याला हजेरीचे पैसे मिळायचे, आणि त्यासाठी मालकांकडून लेव्ही घेतली जायची. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, भारताच्या केंद्रीय कायदेमंडळानं याच धर्तीवर गोदी कामगारांचा कायदा केला. मुंबई बंदरात पुढे त्याखाली मंडळ स्थापन झालं.

बंदराच्या भिंतीबाहेर मात्र जुनाच कारभार होता. मशीद बंदर, दाणाबंदर भागात टोळी पद्धत चालायची. व्यापारी टोळीवाल्याला पैसे द्यायचा, टोळीवाला आपला वाटा काढून उरलेले हमालांत वाटायचा. हमालाला अपघात झाला, पाठ गेली, तर विचारायचं कुणाला? व्यापारी म्हणायचा, ‘तो माझा नोकर नाही, टोळीवाल्याचा माणूस आहे.’ टोळीवाला म्हणायचा, ‘मी माणसं पुरवतो, काम शेठचं आहे.’ दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. पाठीवर पोतं तेवढं हमालाच्या होतं. ही रचना नीट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सातारा जिल्ह्यातून आलेल्या, स्वतः हमाली केलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. पूर्ण नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. कायद्यानं केलं काय? टोळीवाल्याच्या जागी एक मंडळ बसवलं, त्यात सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी. मालकानं नोंदणी करायची, मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस, औषधपाणी. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड-पोलाद असं एकेका धंद्याचं मंडळ झालं.

यातली खुबी पाहा. कायद्यानं व्यापाऱ्याच्या मनात दया निर्माण करण्याचा प्रयत्न केला नाही. तो दुष्ट आहे, असंही ठरवलं नाही. हमाल एका शेठचा कायमचा नोकर आहे, असं खोटंही मानलं नाही, कारण तो दिवसाला चार दुकानांत माल उतरवत होता. कायद्यानं एवढंच म्हटलं, की ज्याला या माणसाचं काम लागतं त्यानं कामाच्या तासाबरोबर या माणसाच्या आजारपणाचा, म्हातारपणाचा वाटाही उचलावा. आज या मंडळांमध्येही दोष आहेत. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, अशा उद्योजकांच्या तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्याच खोट्या नाहीत. पण खंडणीखोरांवर फौजदारी करावी लागते. त्यासाठी लेव्ही बंद करण्याचं कारण नाही.

आता ‘बळजबरी कुठे केली?’ या प्रश्नाचं न्यायालयीन उत्तर ऐकू. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती. किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. जमादार त्यातला एक रुपया कमिशन कापून घ्यायचे, मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडायचे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती भगवतींनी निकालपत्रात जे मांडलं ते आमच्या मते या विषयावरचं भारतातलं सर्वांत महत्त्वाचं तात्त्विक विधान आहे. राज्यघटनेच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला बंदी आहे. वेठ म्हणजे केवळ मारझोड किंवा कायद्याचा धाक नव्हे. भुकेमुळे, दारिद्र्यामुळे माणसापुढे दुसरा पर्यायच उरत नाही, तीही सक्तीच. म्हणून किमान वेतनाहून कमी पैशांत काम करणारा माणूस सक्तीनं काम करतो आहे असं धरावं. त्यानं होकार दिला होता का, हा प्रश्न तिथे संपतो. अडला हरी न्यायालयानं मान्य केला, असं म्हणू या.

महाराष्ट्रानं माथाडीची कल्पना पुढे नेली. १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी तसाच कायदा झाला. मंडळ, नोंदणी, लेव्ही. पण याच कायद्यात एजन्सीच्या रक्षकांना सूट देण्याची तरतूदही आहे, त्यांचे लाभ मंडळाच्या रक्षकांपेक्षा कमी नसावेत या अटीवर. कागदावर अट आहे. प्रत्यक्षात तुमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या माणसाला विचारून पाहा, की सलग किती तास उभा आहेस आणि सुट्टी घेतली तर पैसे कापतात का. सोसायटीची कमिटी म्हणेल, ‘तो एजन्सीचा माणूस आहे.’ एजन्सी म्हणेल, ‘सोसायटी एवढाच दर देते.’ ओळखलंत ना? हा दाणाबंदरचाच संवाद आहे.

आणि सोसायटी थेट नोकर ठेवते तेव्हा? २००२ साली दिल्लीतल्या सोम विहार या गृहसंकुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की सदनिकाधारकांच्या वैयक्तिक सेवेसाठी नेमलेल्या कामगारांच्या बाबतीत सोसायटी हा औद्योगिक कायद्याच्या अर्थानं ‘उद्योग’ नाही. म्हणजे तेच झाडू मारण्याचं काम कारखान्यात केलं तर औद्योगिक विवाद उभा राहतो, आणि आपल्या जिन्यात केलं तर राहत नाही. कायदा उंबरठ्याशी येऊन चपला काढतो.

उंबरठ्याच्या आत तर परिस्थिती आणखी वेगळी. घरकामगारांच्या सेवाशर्तींचं एक खाजगी विधेयक १९५९ सालीच संसदेत आलं होतं. ते मंजूर झालं नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ हवी होती, आणि हक्काची सुट्टी हवी होती. ‘खाडा’ हा शब्द आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपण बँकेत, कॉलेजात, कचेरीत गैरहजर राहिलो तर ती रजा असते. ती गैरहजर राहिली तर तो खाडा असतो. आपली रजा साठते, शिल्लक राहिली तर तिचे पैसेही मिळतात. तिचा खाडा कापला जातो. एकाच घटनेला दोन शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांमध्ये आजचा सगळा विषय मावतो.

२००८ साली महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अपघातात मदत, बाळंतपणात मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत, अंत्यविधीला मदत. चांगल्या गोष्टी आहेत. पण हा कायदा माथाडी कायद्याशेजारी ठेवून वाचा. मंडळ आहे, कामगाराची नोंदणी आहे. मग नाही ते काय? घरमालकावर सक्तीची लेव्ही नाही. किमान वेतन ठरवलेलं नाही. हे अशक्य होतं म्हणावं, तर शेजारच्या कर्नाटकानं २००४ सालीच घरकामाचं किमान वेतन जाहीर केलं होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण कराराला मान्यता अजून दिलेली नाही.

१९६९ साली व्यापाऱ्यावर लेव्ही बसवता आली, २००८ साली घरमालकावर का बसवता आली नाही? अडचणी सांगता येतात. एकेक बाई पाच-पाच घरी काम करते, हिशेब ठेवायचा कुणी? पण हमालसुद्धा अनेक दुकानांत काम करत होता आणि मंडळ नेमकं त्याचसाठी काढलं होतं. आमच्या मते खरं कारण निराळं आहे. १९६९ साली मालक म्हणजे मशीद बंदरचा शेठ होता. २००८ साली मालक आपण होतो. वर्तमानपत्रं वाचणारे, अग्रलेख लिहिणारे, कायद्याचे मसुदे करणारे, व्याख्यानांना येणारे. आपल्याला तिचं कल्याण हवं होतं. ते आपल्या खर्चानं नको होतं.

इथे एक प्रामाणिक अडचण नोंदवली पाहिजे. ऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, तुटपुंज्या पेन्शनवर भागवणाऱ्या आजींच्या घरी काम करणारी बाई आहे. आजींनी तिचं शोषण केलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. इथे दोघीही अडलेल्या आहेत. पण म्हणूनच ही गोष्ट आजींच्या चांगुलपणावर सोडू नये. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून लेव्ही घ्या, ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याचं सरकारनं भरावं. दिवाळीला साडी देणाऱ्या, मुलांची फी भरणाऱ्या, दवाखान्यात नेणाऱ्या मालकिणी आम्ही पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण साडी मिळणार की नाही, हे ती मालकीण ठरवते. हक्काची रजा कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते.

शेवटचा टप्पा आपल्या मोबाइलमधला. ॲपवरून जेवण आणणाऱ्या मुलाला कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. अपघात झाला की तो नोकर नसतो. पुन्हा दाणाबंदर, फक्त टोळीवाला आता दिसत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची पहिल्यांदा केंद्रीय पातळीवर दखल घेतली गेली. २०२३ साली राजस्थाननं देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क आहे. १९६९ च्या मुंबईतल्या हमालांनी लढून घेतलेली रचना त्यात ओळखू येते.

तर मूळ प्रश्नाचं आमचं उत्तर असं. अल्प वेतनाच्या सेवा-कामगाराचं शोषण होतं, पण ते कमी पगारानं आपोआप सिद्ध होत नाही आणि चांगल्या मालकानं आपोआप पुसलं जात नाही. तपासायचं असेल तर आपल्या घरापासून तपासा. ही बाई आठ दिवस आजारी पडली तर नुकसान कुणाचं? तिला ‘नाही’ म्हणायचं असेल तर ती किती दिवस तग धरेल? आणि आपण तिच्यावाचून किती दिवस काढू? या तिन्ही उत्तरांमधलं सगळं ओझं एकाच बाजूला पडत असेल, तर आपण कितीही गोड बोलत असलो तरी तिच्या अडलेपणाची किंमत आपण घेतो आहोत.

ती परत करण्याची सुरुवात आजही करता येते. महिन्याच्या ठरलेल्या पगारी सुट्ट्या, आजारपणाचा पगार, दरवर्षी न मागता वाढ. यासाठी कायद्याची वाट पाहायला नको. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. २००८ च्या कायद्यात मालकाच्या वाट्याचा जो रकाना कोरा आहे तो भरा, अशी मागणी आता घरकामगारांच्या संघटनांबरोबर घरमालकांनीही करायला हवी. ती आपल्याकडून गेली तर मसुदा करणाऱ्यांना अडचणी सांगणं जरा कठीण जाईल.

इथे आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.